भेंडी पिवळी पडली, आता काय फवारू?

या खेपेच्या टपालात सोयाबीनपेक्षा भाजीपाल्याची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकांच्या शेवटी एकच विचारणा आहे : बाई, कोणतं औषध मारू? म्हणून इतर विषय बाजूला ठेवून या वेळी फक्त किडींमार्फत पसरणाऱ्या रोगांवर लिहिते आहे. हातोदच्या पत्राला सर्वात जास्त जागा दिली आहे, कारण त्यात जे घडलं ते इंदूरच्या आसपास दर पावसाळ्यात घडताना मी पाहते.

प्रश्न : बाई, सा. न. वि. वि. हातोदजवळ आमची जमीन. दोन बिघ्यांत भेंडी आहे, शेजारी सोयाबीन. पेरणीनंतर महिन्याभरानं काही झाडांच्या शिरा पिवळ्या दिसायला लागल्या. दुकानदाराला पान दाखवलं. त्यानं सफेद मक्खीचं एक औषध, इल्लीचं (अळीचं) एक आणि वरून टॉनिक, असं एकाच पंपात मिसळून आठ-आठ दिवसांनी मारायला सांगितलं. मारलं. पिवळी झाडं वाढतच गेली, आता निम्मं वावर पिवळं आहे आणि चोइथराम मंडीत ती भेंडी कोणी हातात धरत नाही. औषध नकली होतं का? तक्रार कुठे करू?

उत्तर : दादा, बिल आणि बाटली जपून ठेवा. शंका असेल तर बॅच नंबर सांगून कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकाकडे तक्रार करता येते, 1968 च्या कीटकनाशक कायद्यात तशी सोय आहे. पण तुमचं वर्णन वाचून मला औषधावर संशय येत नाही. ते अगदी अस्सल असतं तरी पिवळी झालेली झाडं हिरवी झाली नसती.

तुमच्या भेंडीला हळद्या झाला आहे, म्हणजे येलो व्हेन मोझॅक. हा विषाणूजन्य रोग. मुंबई इलाख्यात 1924 साली त्याची नोंद झाली, आणि झाडात शिरलेला हा विषाणू मारणारं औषध तेव्हा नव्हतं तसं आजही नाही. दुकानात मिळतं ते पांढरी माशी मारणारं. डेंग्यूच्या डासांवर धूर सोडला म्हणून अंथरुणावरच्या माणसाचा ताप उतरत नाही, तसंच हे.

आता माशी काय करते ते नीट समजून घ्या, कारण फवारणीचा सगळा हिशेब त्यावर आहे. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, भेंडीचं पान हलक्या हातानं उलटं करा. खालच्या बाजूला मिलिमीटरभराच्या पांढऱ्या माश्या पंख छपरासारखे मिटून बसलेल्या दिसतील. जरा धक्का लागला की भुर्रकन उडतात आणि पुन्हा पानाखालीच येऊन बसतात. त्यांच्या मध्ये चपटे, पिवळसर, जागचे न हलणारे ठिपके दिसले तर ती त्यांची पिल्लं. रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू माशीच्या पोटात जातो, तिथून तिच्या रक्तात आणि मग लाळेत येतो. या प्रवासाला काही तास लागतात. त्यानंतर मात्र ती माशी जवळजवळ मरेपर्यंत रोग वाहते, आणि निरोगी झाडाला रोग द्यायला तिला अर्धा तासही पुरे होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. बाहेरून, कुणाच्या तरी रोगट वावरातून विषाणू घेऊनच आलेली माशी तुमच्या फवारलेल्या झाडावर बसली तर मरण्याआधी ती त्या झाडाला रोग देऊन जाऊ शकते. ते झाड औषधानं वाचत नाही. पण ती तिथेच मेली, तर दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या झाडावर जात नाही. म्हणजे रोग बाहेरून येणं औषध थांबवत नाही, आत पसरणं थांबवू शकतं. दुसरी गोष्ट वेळेची. माशीनं रस शोषल्यापासून शिरा पिवळ्या दिसेपर्यंत साधारण 2 ते 3 आठवडे जातात. पहिलं पिवळं झाड पाहून तुम्ही दुकानात गेलात, तेव्हा पुढची पन्नास झाडं आतून रोगट झालेली होती. ती एकेक करून दिसत गेली आणि तुम्हाला वाटलं औषध लागू पडत नाही.

आणखी एक विचारायचं राहिलं : इल्लीसाठी दिलेलं औषध कोणतं होतं? सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असं काही असेल, म्हणजे सिंथेटिक पायरेथ्रॉइड, तर त्यानं उलटं झालं असण्याची शक्यता बरीच आहे. ही औषधं पांढऱ्या माशीवर राहणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या आणि ढालकिडे मारून टाकतात, पांढरी माशी मात्र पानाखाली शाबूत राहते आणि दुपटीनं वाढते. कापसाच्या शेतकऱ्यांनी हा अनुभव भरपूर घेतला आहे. भेंडीवर अळी दिसत नसताना अळीचं औषध मिसळून देणं मला कधीच पटलेलं नाही, आणि दुकानदारानं सांगितलं तरी तुम्ही नको म्हणा. टॉनिकनं विषाणूला काही होत नाही, तुमचा पैसा तेवढा जातो.

आता काय करायचं? या पिकावर हळद्यासाठी आणखी एक रुपयाही घालू नका. निम्मं वावर उपटायची गरज नाही. फिकट भेंडी खायला अपायकारक नसते, भाव कमी मिळतो इतकंच, तेव्हा चांगल्या झाडांवरची भेंडी तोडत राहा. तोडणी परवडेनाशी झाली की मात्र त्याच आठवड्यात सगळं पीक काढा. तोडणी थांबलेलं, पिवळं, माश्यांनी भरलेलं वावर महिनाभर उभं ठेवलं तर तुमच्या आणि शेजाऱ्याच्या पुढच्या पेरणीला त्याचा त्रास होतो. बांधावरची रानभेंडी आणि गाजरगवतही त्याच वेळी काढा.

पुढच्या खेपेला सुरुवात बियाण्यापासून करा. पुसा सावनी ही जुनी जात एके काळी हळद्याला दाद देत नसे, पुढे ती साफ बळी पडायला लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठानं रानटी जातीशी संकर करून परभणी क्रांती दिली, बंगळुरूहून अर्का अनामिका आली, आता बाजारात संकरित वाण पुष्कळ आहेत. कोणत्याही जातीची ताकद कायम टिकत नाही, म्हणून पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका. गेल्या पावसाळ्यात तुमच्याच पट्ट्यात कुणाची भेंडी हिरवी राहिली ते पाहून तोच वाण घ्या. बियाणं गुलाबी किंवा निळं दिसत असेल तर ते बहुधा इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावलेलं असतं, त्यावर पुन्हा लावू नका. साधं असेल तर बीजप्रक्रिया करून घ्या, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला औषध लावून घ्या. कीटकनाशकाचा एवढा नेमका उपयोग दुसरा नाही : थोडं औषध, तेही मातीत, आणि रोपाला पहिले 3-4 आठवडे संरक्षण. हेच दिवस मोलाचे आहेत. कोवळेपणी रोग झालेलं झाड जवळजवळ काहीच देत नाही, दोन महिन्यांचं झाड रोगट झालं तरी बऱ्यापैकी तोडे देतं.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी चारी बाजूंनी मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी दाट लावा. पहिल्या महिन्यात दर दोन दिवसांनी वावरात फिरून पिवळं दिसेल ते झाड उपटा, हळहळू नका. उपटण्याआधी झाडावर प्लास्टिकची पिशवी उलटी घाला, नाहीतर माश्या उडून शेजारच्या झाडावर बसतात. पिवळे चिकट सापळे लावा, पण ते माशी संपवतील म्हणून नव्हे, माशी आली कधी आणि वाढते किती हे कळावं म्हणून.

बीजप्रक्रियेचा असर ओसरल्यावर माशी वाढताना दिसली तर फवारा, आणि नोझल खालून वर धरून पानाच्या पाठीवर फवारा. वरून घातलेला पंप पांढऱ्या माशीसाठी वाया जातो. औषध बदलताना बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव न पाहता बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि अ‍ॅसिटामिप्रिड ही तिन्ही एकाच कुळातली. एकामागून एक ही मारली म्हणजे औषध बदललं असं होत नाही, माशी तिघांनाही एकदमच सरावते. बियाण्याला या कुळातलं लागलं असेल तर पुढची फवारणी वेगळ्या कुळातली हवी : डायफेन्थ्युरॉन, फ्लोनिकामिड, पिल्लं जास्त असतील तर स्पायरोमेसिफेन किंवा पायरीप्रॉक्सिफेन. यांतलं तुमच्या पिकासाठी कोणतं मंजूर आहे आणि मात्रा किती, हे लेबलवर छापलेलं असतं. ते वाचता येत नसेल इतकं बारीक असेल तर मुलाकडून मोबाइलवर फोटो मोठा करून वाचून घ्या, पण अंदाजानं झाकण भरू नका.

सोयाबीनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. सोयाबीनचा पिवळा मोझॅकही पांढरी माशीच पसरवते, पण तो विषाणू वेगळा आहे, भेंडीला लागत नाही. त्रास आहे तो माशीचा. सोयाबीन पिकून पानं गळायला लागली की तिथली माशी हिरवं शोधत शेजारच्या वावरात येते. त्या सुमारास तुमच्या वावरात कोवळी भेंडी किंवा टोमॅटोची नवी लावणी असू नये असं वेळापत्रक ठेवा.

प्रश्न : उपटलेली रोगट झाडं जाळावीत असं सगळे सांगतात. आम्ही राऊला छोटी वाडी करतो, कंपोस्टचा खड्डा आहे. त्यात टाकली तर रोग खतातून परत येईल का?

उत्तर : हळद्या, टोमॅटो-मिरचीचा चुरडा-मुरडा (लीफ कर्ल) हे विषाणू जिवंत झाडात आणि जिवंत माशीत टिकतात, सुकलेल्या-कुजलेल्या पानात नाही. तेव्हा खुशाल खड्ड्यात टाका, फक्त झाडं आधी पिशवीत बांधून दोन दिवस उन्हात ठेवा म्हणजे त्यांवरच्या माश्या आणि पिल्लं मरतील. ज्या शहरात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची पद्धत बसवली आणि जगानं जिला इंदूर पद्धत म्हणून ओळखलं, त्या शहरालगत पाला जाळलेला पाहिला की मला फार वाईट वाटतं. अपवाद एक : टोमॅटोवर मर रोग किंवा मुळांवर गाठी असतील तर ती झाडं मात्र खतात घालू नका.

प्रश्न : सांवेर रोडच्या नर्सरीतून टोमॅटोची रोपं आणली. लावल्यावर तीन आठवड्यांत पानं वर वळून वाटीसारखी झाली, झाड खुरटलं. काही झाडांचा शेंडा मात्र तांबूस होऊन जळाला. दोन्ही एकच रोग आहे का?

उत्तर : नाही, दोन वेगळे आहेत. पानं वळून झाड खुरटलं तो लीफ कर्ल, पांढऱ्या माशीचा. लावणीनंतर तीनच आठवड्यांत इतकी झाडं दिसली म्हणजे रोग बराचसा नर्सरीतूनच आला असावा. रोपं घेताना वरची हिरवळ पाहण्यापेक्षा ती 50 मेशच्या, म्हणजे माशी शिरणार नाही इतक्या बारीक, जाळीखाली वाढवली आहेत का आणि जाळीचं दार बंद असतं का, ते पाहा. उघड्यावरची रोपं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. स्वतः रोपं करणार असाल तर लावणीच्या आदल्या दिवशी ट्रेला आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणाऱ्या, औषधाची आळवणी करा (औषधाचं पाणी मुळाशी घाला), पुढचे काही आठवडे ती कामाला येते. नेहमीच्या हंगामात दरवर्षी लीफ कर्ल येत असेल तर लावणी थंडीकडे ढकला, तोवर माशी बरीच ओसरते.

शेंडा जळाला तो फुलकिड्यांनी, म्हणजे रस शोषणाऱ्या अगदी बारीक किड्यांनी, आणलेला विषाणू. यात मोठी अडचण अशी की फुलकिडा हा विषाणू फक्त पिल्लू असताना घेतो आणि मोठा झाल्यावर पंख फुटले की पसरवतो. तो बाहेरून तयार होऊनच उडत येतो. म्हणून इथे फवारणीवर फार विसंबू नका. जळालेलं झाड लगेच काढा, लावणी जरा दाट ठेवा म्हणजे काढलेल्या झाडांची जागा भरून निघेल, आणि निळे चिकट सापळे लावा.

प्रश्न : बाई, मी सुदामानगरला राहते, गच्चीवर पंधरा कुंड्यांत मिरच्या आहेत. सगळ्यांची पानं मुरडली. माहेरी खरगोनला शेतातही हेच झालं आहे आणि भाऊ म्हणतो व्हायरस आहे, फेकून दे. फेकू का?

उत्तर : वहिनी, आज फेकू नका. मिरचीचं पान तीन कारणांनी मुरडतं आणि त्यातलं एकच विषाणूचं आहे. तुमच्या भावाच्या शेतात विषाणू असेलही, निमाडातल्या मिरचीला त्यानं रडवलं आहे. पण गच्चीवर मला बहुतेकदा कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा बारीक जीव) किंवा फुलकिडे सापडतात.

एक पांढरा कागद घ्या, कोवळा शेंडा त्यावर धरून बोटानं दोन-तीनदा टिचक्या मारा आणि कागद उजेडात न्या. फिकट पिवळे, कापलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक जीव पळताना दिसले तर फुलकिडे. त्यांच्यामुळे पानाच्या कडा वर वळतात. पान खाली वळून उपड्या होडीसारखं झालं असेल, देठ लांबलं असेल, पाठ तेलकट तपकिरी दिसत असेल, तर तो पिवळा कोळी. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दिसतो. आणि पानं लहान, वर वळलेली, शिरा जाड, शेंड्याचा गुच्छ झालेला, फुलं जवळजवळ बंद, असं असेल तर विषाणू.

हे ओळखणं इतकं आवश्यक का, ते सांगते. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध त्याच्यावर चालत नाही, उलट त्याला खाणारे जीव मरून कोळी माजतो. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक पुरतं, पण कडक उन्हात मारू नका, पानं भाजतात. फुलकिड्यांना लिटरला 5 मिली कडूनिंबाचं तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी, आठवड्यानं पुन्हा. तेल आणि गंधक एकत्र नको आणि लागोपाठच्या दिवशीही नको. या दोन्हींत झाड सुधारतं, पुढची पानं सरळ येतात. ती दोन-तीन आठवड्यांत सरळ आली नाहीत, तर भावाचं ऐका आणि ती कुंडी रिकामी करा. माती तीच चालेल. घरातल्या लहान मुलांच्या हाताशी असलेल्या मिरच्यांवर शेतातलं जहाल औषध आणून मारू नका, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न : गिलकी (घोसाळी) आणि काकडीवर मोझॅक येतो. मावा दिसला की त्याच दिवशी औषध मारतो, तरी येतोच. यात काय चुकतं?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही, इथे कीटकनाशक कामच करू शकत नाही. माव्यानं पसरणारा मोझॅक भेंडीच्या हळद्यासारखा माशीच्या पोटातून जात नाही. तो माव्याच्या सोंडेच्या टोकाला लागतो. रोगट पानात सोंड टोचून चव पाहिली, उडाला, पुढच्या पानाची चव पाहिली, की झालं काम. सगळा व्यवहार सेकंदा-मिनिटांचा. कोणतंही औषध इतक्या लवकर मारत नाही, काही औषधांनी तर मावा बिथरून जास्त झाडांवर टोचत फिरतो. आणि रोग आणणारा मावा बहुधा तुमच्या वेलीवर वस्ती करणारा नसतोच, वाटेनं जाणारा असतो.

मात्र सोंडेवरचा विषाणू टिकतही नाही. म्हणून बाजूला मक्याची उंच, दाट भिंत असेल तर मावा आधी तिथे उतरतो, टोचतो, आणि सोंड तिथेच साफ होते. चंदेरी प्लास्टिकचं आच्छादन घातलं तर त्याच्या चकाकीनं मावा उतरायला बिचकतो, वेल पसरून आच्छादन झाकेपर्यंत त्याचा चांगला उपयोग होतो. खनिज तेलाची हलकी फवारणीही सोंडेवरून विषाणूची देवघेव रोखते. मात्र गिलकीची पानं पिवळी, आखडलेली असतील आणि पांढरी माशी भरपूर असेल, तर तो टोमॅटोच्या लीफ कर्लच्या कुळातला विषाणू असू शकतो. तिथे हातोदच्या दादांना सांगितलेलं सगळं लागू. वेलवर्गीयांना फळ मधमाश्यांमुळे धरतं, तेव्हा काहीही फवारायचं तर फुलं मिटल्यावर, संध्याकाळीच.

प्रश्न : वांग्याची पानं अगदी बारीक, झुडपासारखी झाली, फळ नाही. टेट्रासायक्लिन मारल्यानं बरं होतं असं ऐकलं.

उत्तर : ही बारीक पानं फायटोप्लाझ्मा नावाच्या, जिवाणूसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतात, आणि तो तुडतुडे हे रस शोषणारे किडे पसरवतात. टेट्रासायक्लिननं लक्षणं तात्पुरती दबतात, थांबवलं की परत येतात. माणसांची प्रतिजैविकं वांग्यावर घालायची नाहीत. झाड उपटा, तुडतुड्यांकडे लक्ष द्या.

प्रश्न : आमचे हे लुंगी-बनियनवर फवारतात, तोंडाला काही बांधत नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच भाजी तोडून मंडीत जाते. मी बोलले तर म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही. तुम्ही लिहा, छापलेलं ऐकतील.

उत्तर : लिहिते, आणि हे त्यांनाच उद्देशून लिहिते. भाऊ, 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली. तीही कित्येक वर्षं फवारणारीच होती. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट, हातमोजे, नाका-तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा, पायात बूट, एवढं हवंच. वाऱ्याच्या विरुद्ध चालत फवारू नका, अडकलेलं नोझल तोंडानं फुंकू नका, फवारताना विडी-तंबाखू नको. कपडे घरच्यांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, आणि ते धुताना वहिनींनीही हातमोजे घालायचे. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम, लाळ सुटली तर काम तिथेच सोडा, कपडे काढून साबणानं अंग धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. डब्यावर विषावरचा उतारा लिहिलेला असतो, डॉक्टरांना तो पाहावा लागतो.

तोडणीबद्दल : फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे हे लेबलवर पिकाप्रमाणे दिलेलं असतं. एकाच औषधाचे भेंडीसाठीचे दिवस मिरचीला लागू होत नाहीत. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, म्हणून आधी तोडा, मग फवारा, आणि तेवढे दिवस थांबता येत नसेल तर तोडे सुरू झाल्यावर ते औषध निवडूच नका. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर बंदीच आहे. कुणी कमी भावात देऊ केलं तरी घेऊ नका.

ज्यांना पान दाखवून विचारायचं आहे त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, कुजून जातं. वर्तमानपत्राच्या घडीत सपाट ठेवून पाठवावं. सोबत पेरणीची तारीख, वाणाचं नाव, आतापर्यंत काय काय फवारलं ते घटकाच्या नावानिशी, आणि शेजारच्या वावरात काय उभं आहे, हे चारही लिहावं.